न खोडलेल्या चुका

जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटी, क्वचित आरंभीच, एक शुद्धिपत्र असे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. बहुतेक वाचक ते उलटून पुढे जात. काही काटेकोर मंडळी मात्र पुस्तक घरी आणल्यावर आधी शिसपेन्सिल घेऊन बसत, शुद्धिपत्राप्रमाणे एकेक दुरुस्ती पानावर करून घेत आणि मगच वाचायला सुरुवात करीत. जुन्या पुस्तकांच्या ढिगात अशी प्रत अजूनही कधी हाती लागते. आता पुस्तक संगणकावर जुळते. चूक सापडली की फाइल उघडायची, अक्षर बदलायचे, पुढची प्रत शुद्ध. शुद्धिपत्र हा प्रकारच त्यामुळे दिसेनासा होत चालला आहे.

एका ग्रंथमालेने मात्र शुद्धिपत्राची पद्धत नुसती टिकवली नाही, तर तिचे नियम, पोटनियम आणि अपिलासारखी व्यवस्थाही उभी केली. गंमत अशी की ही माला संगणकाच्या जगातली आहे. अक्षर बदलणे जिथे सर्वांत सोपे, तिथेच ते बदलायचे नाही असे ठरले. आपण मोबाइलवर निरोप पाठवतो, बँकेचे व्यवहार करतो, बातमी उघडतो, तेव्हा दोन यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत बोलायचे हे या मालेतल्या दस्तऐवजांनी ठरवलेले असते. त्यांना आरएफसी म्हणतात. पूर्ण नाव ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’. आपल्याकडच्या कार्यालयीन भाषेत सांगायचे तर ‘अभिप्रायार्थ सादर’.

नाव इतके नम्र का, याला कारण आहे. पहिला आरएफसी ७ एप्रिल १९६९ या तारखेचा. लिहिणारा स्टीव्ह क्रॉकर तेव्हा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थी होता. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर उभ्या राहणाऱ्या आर्पानेट या जाळ्यासाठी विद्यापीठांतल्या यंत्रांनी आपापसांत कसे बोलावे, यावर काही विद्यार्थी टिपणे काढत होते. कुणी वडीलधारा येऊन ‘तुम्हाला हे ठरवायला कुणी सांगितले’ असे विचारील, ही धास्ती होतीच. म्हणून ‘आम्ही ठरवले’ असे न म्हणता ‘आपले मत कळवावे’ असे म्हणायचे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला, विषय गंभीर झाले, दस्तऐवजांची संख्या नऊ हजारांच्या पुढे गेली, पण नाव तेच राहिले. हेही सांगून ठेवले पाहिजे की प्रत्येक आरएफसी म्हणजे मानक नव्हे. काही नुसती माहिती देतात, काही प्रयोग मांडतात, आणि १ एप्रिलला निघणारे काही चक्क थट्टा असतात. कबुतरांच्या पायाला बांधून इंटरनेटची पॅकेटे पाठवण्याची पद्धत सांगणारा आरएफसी ११४९ हा त्यांतला प्रसिद्ध.

या मालेचे संपादन जवळजवळ तीन दशके जॉन पोस्टेल या माणसाने पाहिले. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी तो गेला, तेव्हा व्हिंट सर्फने त्याच्यावर लिहिलेला मृत्युलेखही आरएफसी म्हणूनच प्रसिद्ध झाला. त्याचा क्रमांक २४६८. पोस्टेलच्या काळापासून एक दंडक चालत आला: क्रमांक देऊन दस्तऐवज प्रसिद्ध झाला की त्यातला मजकूर बदलायचा नाही. सुधारणा करायची तर नवा दस्तऐवज लिहायचा, त्याला नवा क्रमांक घ्यायचा आणि जुन्याच्या नोंदीत ‘याची जागा अमुक क्रमांकाने घेतली’ असे लिहायचे. जुना तिथेच राहतो, जसाच्या तसा, चुकांसकट.

हा हट्ट वाटेल. पण एक प्रसंग कल्पून पाहा. पुण्यातला एक प्रोग्रामर आणि फिनलंडमधला एक, यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. एक पाठवणारा प्रोग्राम लिहितो, दुसरा घेणारा. दोघांमध्ये करार असा एकच, आरएफसीचा मजकूर. तो मजकूर सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरा असेल, तर दोघेही प्रामाणिकपणे बरोबर असूनही त्यांची यंत्रे बोलणार नाहीत. आणि कुणाचे चुकले हे कधी कळणारही नाही. क्रमांक म्हणजे विशिष्ट शब्दांची विशिष्ट मांडणी, अशी खात्री असल्याशिवाय ‘आम्ही ७९३ पाळतो’ या वाक्याला अर्थच उरत नाही.

आपल्या परंपरेत याच्या नेमके उलटे उदाहरण आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवल्या, पाठ ताडून पाहिले आणि एक शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे कुणी आपली ओवी यात घालू नये, असे बजावलेही. म्हणजे आधी मजकूर दुरुस्त केला आणि मग तो गोठवला. आरएफसीवाल्यांनी आधी गोठवला आणि दुरुस्ती बाहेर ठेवली. एकनाथांपुढे मूळ प्रत नव्हती, त्यामुळे त्यांना दुसरा मार्गही नव्हता. इथे मूळ प्रत सर्वांपुढे असते आणि चूक तिच्यातच असते. (अगदी सुरुवातीचे आरएफसी कागदावर टंकलिखित होते; ते पुढे नव्वदच्या दशकात संगणकात उतरवले गेले. त्या उताऱ्यांमध्ये नकलाकारांच्या म्हणता येतील अशाही चुका शिरल्या. पण तो पाठचिकित्सेचा स्वतंत्र विषय आहे.)

आता एक खरी चूक पाहू. ती एका चिन्हाची आहे आणि समजून घ्यायला जरा वेळ लागतो, पण या लेखाचा जीव तिच्यातच आहे.

आरएफसी ७९३ सप्टेंबर १९८१ चा. यात टीसीपी या प्रोटोकॉलची व्याख्या आहे. इंटरनेटवरून जाणारी माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते, तुकडे वाटेत हरवतात, मागेपुढे होतात. तरीही शेवटी पूर्ण आणि क्रमाने माहिती पोचावी ही जबाबदारी टीसीपीची. त्याची युक्ती पोचपावतीची आहे. पाठवणारा प्रत्येक बाइटला क्रमांक देतो. घेणारा पावती देताना ‘पाचशेपर्यंत मिळाले’ असे म्हणत नाही, तर ‘आता ५०१ पाठवा’ असे म्हणतो. पाठवणारा आपल्या वहीत एक आकडा लिहून ठेवतो: ज्याची पावती अजून आलेली नाही असा सर्वांत जुना बाइट कोणता. आपल्या उदाहरणात तो आकडाही ५०१.

पुढची पावती आली, की तिच्यातला आकडा वहीतल्या आकड्याशी ताडायचा. पावतीत ७०१ असेल, म्हणजे वहीतल्यापेक्षा मोठा, तर नवे काही पोचले. वहीत ७०१ लिहा आणि पुढे चला. पावतीत ३०१ असेल, म्हणजे लहान, तर ही वाटेत रेंगाळलेली जुनी पावती, सोडून द्या. आणि पावतीत पुन्हा ५०१ च असेल तर? नवे काहीच पोचलेले नाही, तीच पावती दुसऱ्यांदा आली, म्हणजे ती दुबार पावती. शाळकरी मुलालाही हे कळेल. पण १९८१ च्या मजकुरात दुबार पावतीची अट लिहिताना फक्त ‘पेक्षा कमी’चे चिन्ह पडले, ‘पेक्षा कमी किंवा बरोबर’ असायला हवे होते. ‘बरोबर’चे चिन्ह गळले. त्यामुळे लहान आकड्याला एक घर मिळाले, मोठ्याला दुसरे, आणि सारखा आकडा मात्र बेघर झाला.

एवढ्यावर भागले असते तर ती छपाईची चूक म्हणून सोडूनही देता आली असती. पण त्याच पानावर हाच घोटाळा आणखी एका जागी आहे आणि तिथे तो महागात पडू शकतो. घेणारा प्रत्येक पावतीबरोबर आपल्याकडे किती जागा शिल्लक आहे तेही कळवतो. समजा त्याचे कोठार भरले. तो म्हणतो, ‘आता ५०१ हवा, पण जागा शून्य.’ पाठवणारा थांबतो. थोड्या वेळाने कोठार रिकामे होते आणि घेणारा कळवतो, ‘५०१ हवा, जागा ४०००.’ आकडा अर्थातच तोच आहे. मध्ये काही पाठवलेच गेले नाही तर तो बदलणार कसा? पण ७९३ च्या अटीनुसार जागेची नवी माहिती वहीत तेव्हाच नोंदवायची, जेव्हा पावतीतला आकडा वहीतल्यापेक्षा मोठा असेल. म्हणजे मजकूर शब्दशः पाळणारा पाठवणारा हा निरोप कानाआड करणार. घेणारा ‘या, जागा आहे’ म्हणून वाट पाहतो, पाठवणारा ‘जागा झाली की सांगतील’ म्हणून वाट पाहतो. लखनवी नवाबांच्या ‘पहले आप’सारखी अवस्था. सुदैवाने याच आरएफसीत दुसरीकडे एक तोड आहे: जागा शून्य असली तरी पाठवणाऱ्याने अधूनमधून एखादा बाइट पाठवून चाचपून पाहावे, आणि त्यासाठी दोन मिनिटांचे अंतर सुचवले आहे. म्हणजे कोंडी सुटते, पण काही सेकंदांत व्हायचे काम दोन मिनिटे लोंबकळू शकते. एका चिन्हापायी.

ही चूक लक्षात आली आणि ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये तिची दुरुस्ती छापली गेली. बॉब ब्रेडन यांनी संपादित केलेल्या या जाडजूड दस्तऐवजात ७९३ मधल्या अशा चुकांची एक जंत्रीच आहे; पान सांगून, जागा सांगून, अगदी आपल्या जुन्या शुद्धिपत्रासारखी. ‘बरोबर’चे चिन्ह राहून गेले होते, एवढेच कोरडेपणाने नोंदले आहे. पण ७९३ मधले चिन्ह मात्र गळलेलेच राहिले. त्याची जागा घेणारा आरएफसी ९२९३ ऑगस्ट २०२२ मध्ये निघाला आणि तोवरच्या दुरुस्त्या त्यात मूळ मजकुरात आल्या. जवळजवळ ४१ वर्षे टीसीपी शिकणाऱ्याला ७९३ उजव्या हाताला आणि ११२२ डाव्या हाताला ठेवून वाचावे लागले. ज्याला ११२२ ठाऊक नव्हता, त्याने चुकीचे वाचले.

या पद्धतीची किंमत इथे दिसते, आणि तिचे समर्थन करणारे ती पुरेशी मोजत नाहीत असे मला वाटते. चूक एका जागी आणि दुरुस्ती दुसऱ्या जागी. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तर शुद्धिपत्र अस्तित्वात असल्याची खूणही नसते. कुणी ती फाइल उतरवून घेतली, छापली, विद्यार्थ्यांना वाटली, की चूक आपल्या पायांनी चालू लागली.

२००० च्या सुमारास आरएफसीच्या संपादकांनी शुद्धिपत्रांची स्वतंत्र यादी ठेवायला घेतली. तिला इरॅटा म्हणतात. पुढे तिला रीतसर रूप आले. जगातला कुणीही माणूस, पदवी असो वा नसो, चूक कळवू शकतो. अमुक आरएफसी, अमुक कलम, आहे ते असे, हवे ते असे, आणि का, एवढे लिहायचे. आज या नोंदींचे अनुक्रमांक आठ हजारांच्या पुढे गेले आहेत. कळवताना चूक तांत्रिक की केवळ संपादकीय हेही सांगायचे. कळवलेली चूक प्रथम ‘नोंदवलेली’ म्हणून लागते. मग त्या विषयाची जबाबदारी असलेले लोक ती तपासतात आणि तीनपैकी एक निकाल देतात: पडताळलेली, फेटाळलेली, किंवा पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवलेली.

तिसरा निकाल सर्वांत शहाणपणाचा. चूक आहे हे मान्य, पण तिच्यामुळे कुणाचा प्रोग्राम बिघडणार नाही, कुणाचा गैरसमज होणार नाही. तेव्हा आत्ता गाजावाजा नको, पुढे कधी हा दस्तऐवज नव्याने लिहिला गेला तर बघू. सुटलेला स्वल्पविराम, वाकडे वाक्य, हे सारे या कप्प्यात जाते. इंटरनेटच्या मानकांची सूत्रे ज्यांच्याकडे आहेत त्या इंटरनेट इंजिनिअरिंग स्टिअरिंग ग्रुपने २००८ मध्ये यासाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातला कळीचा मुद्दा असा: प्रसिद्धीच्या वेळी जे एकमताने ठरले होते, त्याहून वेगळे काही शुद्धिपत्राच्या वाटेने आत आणता येणार नाही. म्हणजे हात चुकला असेल तर शुद्धिपत्र, विचार चुकला असेल तर नवा आरएफसी. हे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात हात कुठे संपतो आणि विचार कुठे सुरू होतो, यावरच वाद होतात. कारण लेखक मान्य करो वा न करो, ‘मला हेच म्हणायचे होते’ हे वाक्य पश्चातबुद्धीला फार सोयीचे असते.

दुरुस्तीही चुकू शकते, याचा एक नमुना मला विशेष आवडतो. आरएफसी ३६९६ हा फेब्रुवारी २००४ मधला माहितीपर दस्तऐवज, लेखक जॉन क्लेन्सिन. ईमेलचा पत्ता जास्तीत जास्त किती लांब असू शकतो, हे त्यात सांगितले आहे: ॲटच्या चिन्हाआधी ६४ अक्षरे, नंतर २५५, आणि मधले चिन्ह एक, एकूण ३२०. बेरीज अचूक आहे. चूक बेरजेत नाही, विसरात आहे. टपाल पोचवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे आरएफसी २८२१ मध्ये, पत्ता ज्या रकान्यात लिहायचा त्या संपूर्ण रकान्यालाच २५६ ची मर्यादा आहे. ३२० अक्षरी पत्ता कागदावर शक्य, पण पाकिटावर मावत नाही. कुणीतरी हे दाखवले आणि शुद्धिपत्र लागले: ३२० नव्हे, २५६. काही दिवस सर्वांचे समाधान झाले. मग आणखी कुणाच्या ध्यानात आले की त्या रकान्यात पत्ता नुसता जात नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना टोकदार कंस घालावे लागतात. दोन कंसांची दोन अक्षरे वजा करा. तेव्हा शुद्धिपत्राचे शुद्धिपत्र निघाले, अनुक्रमांक १६९०: २५६ नव्हे, २५४. ते पडताळलेले म्हणून नोंदले गेले आणि आज जाणकार प्रोग्रामर २५४ च धरतात. मूळ दस्तऐवज मात्र उघडून पाहा, तिथे आजही ३२० आहे. आणि जगातल्या कितीतरी माहितीकोशांत ईमेलचा रकाना ३२० अक्षरांचा केलेला सापडतो. त्यावरून तो बनवणाऱ्याने शुद्धिपत्र पाहिले नव्हते, हे ओळखता येते.

काही चुका अशा, की त्या दुरुस्त करणे हीच चूक ठरेल. आपण एका पानावरच्या दुव्यावर बोट ठेवून दुसऱ्या पानावर जातो, तेव्हा आपला ब्राउझर त्या दुसऱ्या ठिकाणी बहुधा सांगतो की हा माणूस अमुक पानावरून आला. ज्या ओळीत हे सांगायचे तिचे नाव ‘रेफरर’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधला ‘आर’ दोनदा हवा. फिलिप हॅलम-बेकर यांच्या मूळ सूचनेत तो एकदाच पडला आणि मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ निघेपर्यंत ते स्पेलिंग रुळले होते. जून १९९९ च्या आरएफसी २६१६ ने कंसात कबूल केले की हे स्पेलिंग चुकलेले आहे. कबूल केले आणि तसेच ठेवले. कारण हे आता इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उरलेले नव्हते. लक्षावधी यंत्रे ज्या खुणेने एकमेकांना ओळखतात ती खूण झाली होती. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर नावाचे चुकीचे स्पेलिंग पडते आणि मग माणूस निवृत्त होईपर्यंत तेच खरे नाव होते, तसे. पुढे ही माहिती कुणाला किती द्यावी याचे नियम सांगणारी नवी ओळ आली, तेव्हा तिच्या नावात ‘आर’ दोनदा लिहिला गेला. त्यामुळे आज वेबवर हे दोन्ही शब्द शेजारी नांदतात, एक शुद्ध आणि एक अशुद्ध, आणि दोन्ही प्रमाण.

शब्दांचे वजन किती, हे ठरवणाऱ्या दस्तऐवजातही शब्द गळला आहे. स्कॉट ब्रॅडनर यांचा मार्च १९९७ चा आरएफसी २११९ दोन-तीन पानांचा, पण जवळजवळ प्रत्येक मानकाच्या आरंभी त्याचा हवाला असतो. ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण नसेल तर करा, ‘मे’ म्हणजे मर्जी. असे त्यात ठरवून दिले आहे. हे शब्द मोठ्या लिपीत लिहायचे. आपल्या दस्तऐवजात लेखकांनी उतरवून घ्यावे असे एक तयार वाक्यही त्यात दिले आहे. त्यात दहा शब्दप्रयोगांची यादी आहे. पण आतल्या कलमात ‘नॉट रेकमेंडेड’ या अकराव्या प्रयोगाचाही अर्थ दिलेला आहे आणि तो यादीत नाही. शुद्धिपत्र क्रमांक ४९९ ने हे दाखवून दिले. तोवर ते दहा प्रयोगांचे वाक्य असंख्य आरएफसींमध्ये उतरले होते आणि नंतरही उतरत राहिले, कारण नक्कल करणारा मूळ पाहतो, शुद्धिपत्र नाही. मे २०१७ च्या आरएफसी ८१७४ मध्ये नवे वाक्य आले, त्यात अकरा प्रयोग आहेत. त्याच आरएफसीने आणखी एक गोंधळ निस्तरला: मोठ्या लिपीत असेल तरच हा विशेष अर्थ, छोट्या लिपीतला ‘शुड’ म्हणजे रोजच्या इंग्रजीतला ‘शुड’. एवढे स्पष्ट व्हायला वीस वर्षे लागली.

मराठीत असे मानक लिहायचे झाले तर? आपल्याला मोठी-छोटी लिपी नाही. ‘अर्ज तीन प्रतींत सादर करावा’ आणि ‘नागरिकांनी पाणी जपून वापरावे’ या दोन्ही वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच आहे. पहिल्यात दोन प्रती घेऊन गेलात तर खिडकीवरून परत याल, दुसऱ्यात कुणी काही म्हणणार नाही. ‘पाहिजे’ची तीच गत. कायद्याच्या मराठीने यावर ‘शासन तरतूद करील’ असे भविष्यकाळाचे रूप योजून तोडगा काढला, पण ते वाचणाऱ्याला आश्वासन वाटते, सक्ती वाटत नाही. मराठीत तांत्रिक लेखन करणाऱ्यांनी पारिभाषिक नामांवर जेवढी मेहनत घेतली, तेवढी या क्रियापदांवर घेतलेली नाही, हे माझे जुने गाऱ्हाणे आहे.

मराठीचा या मालेशी थेट संबंध येतो तो संकेतस्थळांच्या नावांत. इंटरनेटच्या नावांची व्यवस्था रोमन अक्षरांसाठी बांधलेली. इतर लिप्यांतली नावे तिच्यात बसवण्यासाठी मार्च २००३ मध्ये काही आरएफसी निघाले. त्यांच्या नियमानुसार, नावात काही अदृश्य चिन्हे आली तर ती गाळून टाकायची. रोमन लिपीच्या दृष्टीने हे निरुपद्रवी. पण त्या अदृश्य चिन्हांपैकी एक ‘र’चा अर्धा, पापणीसारखा आकार दाखवण्याच्या दोन रीतींपैकी एकीत वापरले जाते. ते गाळले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीच्या दऱ्या आणि कोकणचा दर्या यांत फरक उरत नाही. ‘आचाऱ्याला’ बोलावायचे तर ‘आचार्याला’ निमंत्रण जाते. (दुसऱ्या रीतीत, म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहिले तर, नाव वाचते. पण कळफलक कोणती रीत वापरतो हे लिहिणाऱ्याला कुठे ठाऊक असते?) आता ही चूक शुद्धिपत्राने सुधारता येईल का? नाही. इथे हात चुकला नव्हता. ठरवल्याप्रमाणेच लिहिले गेले होते, ठरवताना देवनागरी डोळ्यांपुढे पुरती नव्हती. म्हणून ऑगस्ट २०१० मध्ये नवे आरएफसी काढावे लागले. त्यांतल्या ५८९२ क्रमांकाच्या दस्तऐवजाने ते अदृश्य चिन्ह हलन्ताच्या पाठोपाठ आले तर चालेल, अशी सोय केली. सात वर्षे गेली, पण रस्ता तोच योग्य होता. शुद्धिपत्राच्या आडून नियम फिरवला असता तर जुन्या नियमाने नोंदलेल्या नावांचे काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

२००३ च्या त्या संचातला आरएफसी ३४९२ देवनागरीसारख्या लिपीतली अक्षरे रोमन अक्षरांत कशी गुंडाळायची याची रीत सांगतो. ती ताडून पाहण्यासाठी शेवटी वेगवेगळ्या भाषांतली नमुनावाक्ये दिली आहेत. ‘हे लोक आपली भाषाच का बोलू शकत नाहीत’ अशा अर्थाचे वाक्य, ज्या त्या भाषेचे नाव घालून. त्यात एक हिंदी आहे. तेव्हा आरएफसीत रोमनखेरीज अक्षर छापायचीच सोय नव्हती, त्यामुळे ते देवनागरीत दिसत नाही, नुसते संकेतांक एकापुढे एक मांडलेले आहेत. कागद-पेन्सिल घेऊन एकेक संकेतांक अक्षरात उलगडला की वाक्य उभे राहते आणि लक्षात येते की त्यात ‘लोग’च्या आधी ‘यह’ आहे. आजच्या लेखी हिंदीचा शिक्षक तिथे ‘ये’ करील. बोलण्यात आणि जुन्या लेखनात ‘यह लोग’ चालते, तेव्हा याला अशुद्ध म्हणावे की नाही यावर हिंदीवाले भांडू शकतील. इंजिनिअरांच्या दृष्टीने मात्र हे शुद्धिपत्राचे प्रकरणच नाही. नमुन्याचे काम व्याकरण शिकवण्याचे नसून आकडेमोड पडताळण्याचे आहे. ‘यह’चा ‘ये’ केला की दोन संकेतांकांपैकी दुसरा बदलेल, पुढची सगळी गुंडाळी बदलेल, आणि जगभर ज्या प्रोग्रामांच्या चाचणीत हे वाक्य बसवलेले आहे त्या सगळ्यांचे उत्तर एकाएकी चुकीचे ठरेल. ते ‘यह’ तिथेच आहे.